खुनाच्या खटल्यात आरोपी निर्दोष सुटला, आता काय? कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्र न्यायालयाने खुनाच्या आरोपीला सोडलं की संध्याकाळपर्यंत वकिलांचे फोन वाजत राहतात. मी सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत फौजदारी खटले चालवते, कधी आरोपीतर्फे, कधी मूळ फिर्यादीच्या बाजूने सरकारी वकिलांना मदत म्हणून. त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खाऊन झाल्या आहेत. एसटीत, मच्छी मार्केटात, लग्नाच्या पंगतीत जे विचारलं जातं तेच इथे घेतलं आहे. कुठल्या एका निकालाबद्दल हे नाही.

"ह्यान नाय मारल्यान, तर मगे मारल्यान कोणी?"

सगळ्यात आधी येणारा प्रश्न हाच, आणि कोर्ट नेमकं याचंच उत्तर देत नाही. समोर उभ्या केलेल्या माणसाने खून केला हे सरकार पक्षाने निःसंशय सिद्ध केलं का, एवढंच न्यायाधीशांपुढे असतं. "नाही" म्हटलं की कोर्टाचं काम संपतं.

पोलिसांचंही तिथेच संपतं, हे मात्र लोकांना कळत नाही. त्यांच्या लेखी आरोपी सापडला होता, कोर्टाने सोडला, फाइल बंद. दुसऱ्या कुणाविरुद्ध नवा पुरावा आला तर पुढचा तपास करायला कायद्याची आडकाठी नाही. पण त्यासाठी "आमचा पहिला तपास चुकला" असं खात्याला कबूल करावं लागतं, आणि ते सहसा होत नाही.

"निर्दोष" आणि "संशयाचा फायदा" यात फरक काय?

शिक्षेच्या दृष्टीने काहीच नाही. दोघेही घरी जातात. निकालपत्रातली भाषा वेगळी असते, आणि तिचा उपयोग मुख्यतः सरकारी नोकरीत होतो. निलंबित कर्मचाऱ्याला परत घेताना किंवा पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणी होताना तो सन्मानाने सुटला की पुराव्याअभावी, हे पाहिलं जातं. गावात मात्र दुसऱ्या दिवसापासून या फरकावरच वाद रंगतात.

सगळ्या गावाला माहीत होतं. मग कोर्टाला कसं कळलं नाही?

कारण गावाला माहीत असलेलं गावाने कोर्टात सांगितलं नाही. कडू आहे, पण बहुतेक वेळा खरं हेच असतं.

वाडीतला खून घ्या. आरोपी भावकीतला, मयत भावकीतला, पंच शेजारच्या घरातला. पोलीस रात्री येतात, टॉर्चच्या उजेडात पंचनामा लिहितात आणि समोर दिसतील त्या दोघांना पंच करतात. तीन-चार वर्षांनी तेच दोघे ओरोसच्या कोर्टात पिंजऱ्यात उभे राहतात. सरकारी वकील विचारतात, कोयती कुठून काढली? पंच म्हणतो, "माका म्हायत नाय, मी भायर उभो होतंय." सही दाखवली तर म्हणतो, सही माझीच, पण कागद कोरा होता. हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की पंचाने तोंड उघडायच्या आधीच कळतं. त्याच क्षणी खटल्यातला सगळ्यात जड पुरावा हलका होतो. आरोपीने पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब तसाही पुराव्यात चालत नाही. "मी कोयती गोठ्यामागे लपवली आहे, दाखवतो" एवढाच भाग, आणि तोही वस्तू खरोखर तिथे सापडली तरच, वाचता येतो. पंच पलटला, शिवाय गोठा उघडा, कुणीही जाऊ शकेल असा, म्हटल्यावर उरलं काय?

पुढचं सगळं आपल्या हवापाण्याचं. कलमांच्या बागेत राखणीला ठेवलेले नेपाळी गुरखे कितीतरी वेळा घटनेचे एकमेव साक्षीदार असतात. आंब्याचा हंगाम संपला की ते गेले. ट्रॉलरवरचे खलाशी जूनमध्ये पावसाळी बंदी लागली की आपापल्या मुलखाला जातात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या बोटीवर दुसऱ्याच बंदरात असतात. समन्स "सदर इसम मिळून आला नाही" असा शेरा घेऊन परत. चाकरमानी साक्षीदार नालासोपाऱ्याहून रात्रभर प्रवास करून येतो, तर त्या दिवशी आरोपीचे वकील आजारी. दोनदा असं झालं की तिसऱ्या तारखेला तो येत नाही, आणि त्याला दोष द्यायची हिंमत मला होत नाही.

पाऊस तर पुराव्याचा वैरीच. मिरग लागल्यानंतर अंगणातले रक्ताचे डाग एका रात्रीत जातात. खाडीत सापडलेला मृतदेह भरती-ओहोटीत किती फिरला, मृत्यू बुडून की आधीच, हे सांगणं ग्रामीण रुग्णालयातल्या एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्याला जड जातं. साक्षीच्या वेळेपर्यंत त्याचीही बदली झालेली असते. बंद पडलेल्या चिरेखाणीत साचलेल्या पाण्यात मृतदेह सापडला तरी हेच.

नव्या संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणंही बंधनकारक केलं आहे, पण ती यंत्रणा उभारायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. पंचाने "मी बाहेर होतो" म्हणायची सोय यामुळे कमी होईल. जुने खटले मात्र जुन्याच कागदांवर चालणार आहेत.

साक्षीदार फितूर झाला. त्याला काहीच शिक्षा नाही?

खोटी साक्ष हा गुन्हा आहे, पण कारवाई क्वचित होते. कारण साधं आहे. पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही आणि तो शपथेवरही नसतो. "पोलिसांनी मनाने लिहिलं" म्हटलं की विषय संपला.

तोच जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे शपथेवर झाला असेल (जुन्या संहितेतलं कलम १६४, नव्यातलं १८३) तर पुढे उलट बोलणं अंगाशी येऊ शकतं. म्हणून मयताच्या घरच्यांना माझं पहिल्या आठवड्यातलं सांगणं एकच: महत्त्वाच्या साक्षीदारांचे जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवा म्हणून तपास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. निकालानंतर फितुराच्या घरावर दगड मारण्यापेक्षा हा अर्ज चार वर्षं आधी दिलेला बरा.

आणि फितूर माणूस पैसे खाऊनच पलटतो असं नाही. त्याची पाणंद आरोपीच्या बागेतून जाते, त्याची होडी आरोपीच्या जेटीला लागते. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली. तिच्यानुसार जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे साक्षीदाराला संरक्षणासाठी अर्ज करता येतो. आमच्याकडे हा अर्ज करणारा साक्षीदार शोधून सापडत नाही. अशी योजना आहे हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

लोकांनी आवाज उठवला की निकाल बदलतो ना? जेसिका लालच्या वेळी बदललाच की.

बदलला, पण कसा ते नीट बघा. जेसिका लाल यांचा खून एप्रिल १९९९ मधला. २१ फेब्रुवारी २००६ रोजी दिल्लीच्या सत्र न्यायालयाने सगळे आरोपी सोडले, लोक मेणबत्त्या घेऊन इंडिया गेटला गेले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीला जन्मठेप दिली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली ती खालच्या कोर्टात आलेल्याच पुराव्यावर, तो नव्याने तपासून. मोर्च्याने पुरावा तयार केला नव्हता.

प्रियदर्शिनी मट्टू या दिल्लीतल्या विद्यार्थिनीच्या खुनाचा खटला त्याहून बोलका. १९९९ च्या डिसेंबरमध्ये न्यायाधीशांनी निकालपत्रात लिहिलं की यानेच गुन्हा केला हे मला माहीत आहे, पण संशयाचा फायदा द्यावा लागतो आहे, आणि दोष तपास यंत्रणेला दिला. सीबीआयने २००० साली अपील केलं. ते सहा वर्षं पडून राहिलं. जेसिका प्रकरणाचा धुरळा उडाल्यावर ते बोर्डावर आलं, आणि ऑक्टोबर २००६ मध्ये आरोपी दोषी ठरला. आधी फाशी झाली, ती २०१० मध्ये जन्मठेपेवर आली. म्हणजे लोकांच्या रागाने हलली ती फाइल. शिक्षा पुराव्याने झाली. हे दोन्ही वेगळं धरलं की पुढचे बरेच गोंधळ टळतात.

उलटं उदाहरण आपल्या मुंबईचं. १९५९ चा नानावटी खटला. ज्युरीने, म्हणजे कौल द्यायला निवडलेल्या नऊ सामान्य नागरिकांनी, पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकाऱ्याला आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं आणि लोकांनी जल्लोष केला. तेव्हाची लोकभावना सुटकेच्या बाजूने होती! न्यायाधीश रतिलाल मेहता यांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली, सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ती कायम केली, आणि पुढे १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. "लोकांच्या हातात निकाल द्या" म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगते. रत्नागिरीकर असतील तर आणखी एक: आपल्या टिळकांना १९०८ साली मंडालेला धाडलं तेही ज्युरीच्याच सात विरुद्ध दोन मतांवर.

मग आंदोलनाने कधी काही मिळालंच नाही का?

मिळालं, आणि मोठं मिळालं, पण निकालाऐवजी कायद्यात. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली होती, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्या पत्रात शिवी नाही, धमकी नाही, निकालपत्रातला तर्क एकेक करून उसवला आहे. त्यातून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्या खटल्यातले पोलीस मात्र सुटलेलेच राहिले.

खुनाच्या बाबतीत पुण्याचं मंजुश्री सारडा प्रकरण. १९८२ मध्ये तिचा मृत्यू झाला तेव्हा नारी समता मंचाने तिच्या नावाने प्रदर्शन उभं केलं, महाराष्ट्र ढवळून निघाला. सत्र न्यायालयाने पतीला फाशी दिली, उच्च न्यायालयाने कायम केली, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. त्या निकालात परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या सांगितल्या आहेत. आज कुठल्याही खुनाचं निकालपत्र उघडा, त्या पाच कसोट्या त्यात असतातच. कोकणात प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसलेले खटलेच जास्त, त्यामुळे आपल्या जिल्ह्यातला आरोपी सुटतो तो बहुधा याच कसोट्यांवर. साखळीची एक कडी तुटली तर कोर्टाला सोडावंच लागतं.

आपल्या किनाऱ्यावरचं एखादं उदाहरण?

गोव्यातलं आहे. हणजूणच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी २००८ मध्ये एक पंधरा वर्षांची ब्रिटिश मुलगी मृतावस्थेत सापडली. (तिचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कळेल.) पोलिसांनी सुरुवातीला बुडून मृत्यू असं धरलं. आई हटून बसली, दुसऱ्यांदा शवविच्छेदन झालं, पुढे तपास सीबीआयकडे गेला. एक महत्त्वाचा परदेशी साक्षीदार साक्षीला आलाच नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये गोव्याच्या बाल न्यायालयाने दोघाही आरोपींना सोडलं. अपील झालं, आणि जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने एकाला दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा दिली, दुसऱ्याची सुटका कायम ठेवली. खुनाचा गुन्हा नव्हे, सदोष मनुष्यवधाचा. अकरा वर्षं. त्या आईने कुठल्या टप्प्यावर काय मागितलं ते बघा: दुसरं शवविच्छेदन, दुसरी तपास यंत्रणा, अपील. प्रत्येक वेळी नेमकी मागणी.

सुटलेला माणूस खरंच निर्दोष असू शकतो का? की हे वकिलांचं बोलणं?

२००३ सालच्या महाराष्ट्रातल्या एका सामूहिक खून आणि बलात्काराच्या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना अटक झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारात सहाही जणांना निर्दोष ठरवून सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. त्यांना फाशी दिली गेली असती तर गावाने पेढेच वाटले असते.

न्यायाधीशांनी पैसे खाल्ले असं सगळे बोलतायत. स्टेटसला टाकलं तर?

टाकू नका. निकालावर टीका करायचा हक्क तुम्हाला आहे. न्यायालय अवमान कायदा, १९७१ च्या कलम ५ मध्येच म्हटलं आहे की अंतिमतः निकाली निघालेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर केलेली योग्य टीका हा अवमान नव्हे. "साक्षीदार क्रमांक चारची साक्ष न्यायाधीशांनी चुकीची वाचली" ही टीका. "किती पेट्या पोचल्या?" हा अवमान, वर बदनामी. खरोखर पुरावा असेल तर प्रतिज्ञापत्रासह उच्च न्यायालयाकडे तक्रार करता येते. नसेल तर गप्प राहणं बरं, कारण उच्च न्यायालयात अपील चालेल तेव्हा आरोपीचे वकील तुमच्या या स्टेटसची प्रिंट घेऊन उभे राहतील.

मयत मुलीचा फोटो लावून बॅनर केला तर चालेल का? तिला न्याय मिळावा म्हणूनच आहे.

बलात्काराचा आरोप असलेल्या प्रकरणात चालणार नाही. पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि ती हयात नसली तरी नाव-फोटो वापरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. नेत्यांचे फोटो तिच्यापेक्षा मोठे असलेला बॅनर कुठल्याच प्रकरणात लावू नका, हे माझं वैयक्तिक.

अपील कोण करतं, कुठे, किती दिवसांत?

सरकार करू शकतं. जिल्हा सरकारी वकील अभिप्राय देतात, प्रस्ताव विधी व न्याय विभागाकडे जातो, मंजुरी आली की उच्च न्यायालयात अपील. मुदत नव्वद दिवस, आणि सरकारला अपील दाखल करायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते (जुनं कलम ३७८, नवं ४१९).

मयताचे वारसही स्वतंत्रपणे करू शकतात. २००९ च्या दुरुस्तीने हा हक्क आला, आता तो कलम ४१३ मध्ये आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पीडिताला अशी परवानगी लागत नाही. लोक "सरकार करेल" म्हणून बसून राहतात आणि मुदत निघून जाते. मी पक्षकारांना साठ दिवसांच्या आत दाखल करायला सांगते.

कुठे? रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची अपिलं १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे, म्हणजे उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठाकडे. रायगडची मुंबईला, गोव्याची पर्वरीला. सावंतवाडीच्या माणसाला मुंबईची रात्रीची गाडी धरण्यापेक्षा आंबोली घाट चढून त्याच दिवशी परत येणं केव्हाही सोपं. ज्यांनी एकेका तारखेसाठी फोर्टात लॉज शोधले आहेत त्यांनाच याची किंमत कळेल.

आमच्या ग्रामस्थ मंडळाला अपील करता येईल?

नाही. वारसांच्या प्रवासाचा आणि वकिलाचा खर्च मात्र मंडळ उचलू शकतं.

अपील केलं की तो पुन्हा आत जातो का?

आपोआप नाही. उच्च न्यायालयाला वाटलं तर अपील चालू असताना अटकेचा आदेश देता येतो, पण नियम म्हणून बाहेरच राहतो. वरच्या कोर्टाने बोलावल्यास हजर राहीन असा सहा महिन्यांचा बंधपत्र निकालाआधीच लिहून घेतलेला असतो. मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बारा जणांना सोडलं. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही असं म्हटलं, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात बोलावलं नाही. शिवाय निर्दोष सुटकेनंतर आरोपीच्या बाजूचं गृहीतक दुप्पट घट्ट होतं, म्हणून अपिलात निकाल फिरवणं अवघड असतं. हे मी फी घेण्याआधीच सांगते.

तालुका बंद ठेवायचा, हायवे अडवायचा. परवानगी कुणाकडून घ्यायची?

सक्तीच्या बंदला परवानगी नसतेच. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर प्रकरणावरून पुकारलेला महाराष्ट्र बंदसुद्धा उच्च न्यायालयाने आदल्या दिवशी रोखला. दुकानदाराने मनाने शटर ओढलं तर तो त्याचा हक्क. मूक मोर्चा, तहसीलदारांना निवेदन, मेणबत्त्या यांना पोलिसांना आधी कळवा. जिल्ह्यात मनाई आदेश लागू आहे का तेही विचारा, सणासुदीला तो बहुतेक वेळा असतो.

मुंबई-गोवा महामार्ग अडवण्याबद्दल काय बोलू? तो कुणी न अडवताही अडकलेलाच असतो. पण एक गोष्ट गंभीरपणे. रास्ता रोकोत पुढे असतात ती वीस-बावीस वर्षांची पोरं. त्यातली काही बोटीवर जायची तयारी करत असतात, काही आखातात. गुन्हा नोंदला की पासपोर्ट आणि पोलीस पडताळणी अडकते. पुढारी जामीन देऊन घरी जातो, पोराची पहिली बोट सुटते. हे मी दरवर्षी बघते.

तो सुटला, पण गावाने त्याला माफ केलेलं नाही. शिमग्यात पालखी त्याच्या दारात न्यायची का?

हा प्रश्न मला निकालावरच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा अवघड वाटतो. मयताच्या आईसमोरून पालखी निघून त्याच्या अंगणात नाचणार, हे कुणालाही सोसवणारं नाही. गावकीची बैठक बसते, कुणीतरी म्हणतं यंदा त्या घराला वगळू, आणि मानकरी माना हलवतात.

असा ठराव करू नका. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा महाराष्ट्राचा कायदा २०१६ मध्ये विधिमंडळाने केला आणि जुलै २०१७ पासून लागू आहे. तो करण्यामागे रायगडातल्या वाळीत टाकण्याच्या तक्रारींचा मोठा हात होता, म्हणजे हा आपल्याच किनाऱ्यावरून निघालेला कायदा. समाजाने कुणाला धार्मिक-सामाजिक कार्यक्रमातून वगळणं, बोलणं-चालणं तोडणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बैठकीत हात वर करणारेही त्यात येतात. आणि दरवेळी वाळीत पडतो तो एकटा माणूस नसतो. त्याची बायको, शाळेत जाणारी मुलं, वेगळं राहणारा भाऊ सगळेच. त्यांच्यावर तर खटलाही चालला नव्हता.

मध्यममार्ग काही गावांनी शोधलेला मी पाहिला आहे: मयताच्या घरी पालखी आधी, वेगळ्या दिवशी, ढोल न वाजवता नेली, आणि सुतक पाळणाऱ्या घराचा मान राखला. दोन घरांमध्ये चार दिवसांचं अंतर पडलं. कुणी कुणाशी बोललं नाही, पण पोलीसही आले नाहीत. हे मानकऱ्यांनी ठरवायचं, मी वकील म्हणून फक्त ठरावाचा कागद फाडायला सांगितला होता.

उलट बाजूनेही तितकंच. सुटका झाली म्हणून फटाक्यांची माळ, हार, जेसीबीवरून गुलाल उधळणं. कायद्याने बहुधा गुन्हा होणार नाही. पण मी आरोपीतर्फे लढते तेव्हा पक्षकाराला निकालाआधीच सांगते की असं काही केलंस तर अपिलात दुसरा वकील बघ.

आम्ही देवाक गाऱ्हाणां घातलां, कौल लागलो. त्याचा कोर्टात काय उपयोग?

पुरावा म्हणून शून्य. पण गंमत बघा, कोर्टात शपथ घेऊन सरळ खोटं बोलणारा साक्षीदार रवळनाथापुढे नारळावर हात ठेवायला कचरतो. देवळातला हा धाक सत्र न्यायालयापर्यंत आला असता तर माझे निम्मे खटले वेगळे लागले असते.

तालुक्यातल्या एकाही वकिलाने त्याचं वकीलपत्र घेऊ नये, असा बार असोसिएशनने ठराव करावा का?

करू नये. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदेशीर ठरवले. आणि वकिलाविना चाललेला खटला अपिलात टिकत नाही, म्हणजे तोटा मयताच्याच घरच्यांचा.

ज्या अधिकाऱ्याने तपासाची वाट लावली त्याचं काय?

जानेवारी २०१४ मध्ये गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं की प्रत्येक निर्दोष सुटकेची छाननी करा आणि तपासात किंवा खटला चालवण्यात हलगर्जी झाली असेल तर जबाबदारी निश्चित करून कारवाई करा. हे फार कुणाला माहीत नाही. निकालानंतरच्या निवेदनात "आरोपीला फाशी द्या" लिहिण्याऐवजी या निकालाचा उल्लेख करून "या खटल्याची छाननी झाली का, अहवाल काय" असं जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी विचारा. उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार आहे. फाशीच्या मागणीला कुणी उत्तर देत नाही, या प्रश्नाला द्यावं लागतं.

आरोपी सुटला म्हणजे मयताच्या घरच्यांना भरपाईही नाही?

मिळू शकते. पीडित भरपाईच्या तरतुदीत खटला निर्दोष सुटकेत संपला तरी पुनर्वसनाची गरज असेल तर कोर्ट शिफारस करू शकतं, असं स्पष्ट लिहिलं आहे (जुनं ३५७-अ, नवं ३९६). अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातच. वकील परवडत नसेल तरी तिथेच जायचं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. फोन करायचा तर १५१००.

निकालपत्र कुठे मिळेल? पेपरात चार ओळीच आल्यात.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटल्याचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून बहुतेक निकाल वाचता येतात. अपिलासाठी मात्र प्रमाणित नक्कल लागते. नक्कल विभागात अर्ज करा, शिक्का आणि तारीख असलेली पावती जपून ठेवा. नक्कल मिळायला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळले जातात, पण अर्ज कधी केला हे दाखवायला ती पावतीच लागते. निकाल इंग्रजीत असेल तर वकिलाकडे बसून शेवटची दहा-पंधरा पानं समजून घ्या. कुठला साक्षीदार का नाकारला ते तिथे मुद्देनिहाय असतं. मोर्च्याची तारीख त्यानंतर ठरवा.